बाहेरून कुलूप

१

दुपारचे अडीच. समुद्रकाठच्या गावातलं एक दुमजली लॉज. वरच्या मजल्यावरची शेवटून दुसरी खोली. दाराला बाहेरून कुलूप, आत एक बाई झोपलेली.

कुलूप तिच्याच मैत्रिणीनं घातलं होतं आणि तिच्याच संमतीनं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे पोलीस ठाण्यात याच एका मुद्द्यावरून तिला इतकं छेडलं गेलं, की जणू स्वतःला कोंडून घेऊन तिनं सरकारचा काही अपराधच केला होता.

दोघींची मैत्री कॉलेजच्या वसतिगृहातली. एक जाड भिंगांच्या चष्म्याची, म्हणून ढापणी. दुसरी सकाळी उठून सगळा मजला डोक्यावर घ्यायची, म्हणून टिटवी. आता दोघींची पंचेचाळिशी उलटली, तरी ही नावं सुटली नव्हती. वसतिगृहात दिवसा खोलीत लोळायला बंदी होती. रेक्टरबाई मजल्यावरून चक्कर मारायच्या आणि ज्या दाराला कुलूप नसेल ते ठोठवायच्या. त्यावर या दोघींनी तोडगा काढला होता. वर्गाला जाणारीनं जाताना बाहेरून कुलूप घालायचं, झोपणारीनं आत गुपचूप पडून राहायचं. कुलूप दिसलं की बाई पुढे. आत कोणी असेल अशी शंकासुद्धा त्यांना येत नसे.

परत आल्यावरची खूण ठरलेली होती. दोन टकटक, जरा थांबून एक : मीच आहे, दचकू नको. आणि दोनच टकटक झाली, तिसरी आलीच नाही, तर बाई अजून इथेच उभ्या आहेत, श्वाससुद्धा घेऊ नको.

सवयी माणसापेक्षा चिवट असतात. ढापणी आता विमा कंपनीत दावे तपासायची. दिवसभर लोकांच्या हकिकतींतलं खोटं शोधायचं हा तिचा धंदा. टिटवी पोहण्याच्या तलावावर शिक्षिका होती. अर्ध्या शहराला तिनं पाण्यात ढकलून तरंगायला शिकवलं होतं. दोघी जन्मात पहिल्यांदाच पाठीला पिशव्या लावून समुद्रकाठची गावं हिंडायला निघाल्या, तेव्हा टिटवीच्या नवऱ्यानं बसपाशी बजावलं होतं, "दोघी जाताय, दोघीच परत या. वाटेत कोणाला जोडून आणू नका." टिटवीला रस्त्यात कोणाशीही गट्टी करायची खोड होती, त्यावरून ही थट्टा. बसमधले चार लोकही हसले होते.

२

लॉजच्या वरच्या मजल्यावर एका बाजूला ओळीनं खोल्या, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि जिना फक्त एका टोकाला. त्यांच्या पलीकडे एकच दार होतं. त्याला कुलूप लागलेलं होतं, आणि खारट वाऱ्यानं कुलूप आणि कडी गंजून एकजीव झाली होती. किल्लीचं भोक दिसतही नव्हतं.

"हे बघ," टिटवी म्हणाली, "आमच्या सासूबाईंच्या कपाटाचं कुलूप. तेही उघडलेलं कोणी पाहिलं नाही."

"ती खोली नाही मॅडम, अडगळ आहे," लॉजवाला म्हणाला.

"आत काय आहे?" ढापणीनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, तर कुलूप कशाला?"

"झाली हिची चौकशी सुरू!" टिटवी म्हणाली. "दादा, मनावर घेऊ नका. ही देवालासुद्धा पावती मागते."

लॉजवाला हसला. मग त्यानं त्यांच्या खोलीचं दार उघडून दिलं.

खोली ठीकठाक होती. दोन खाटा, एक खिडकी, खिडकीला लोखंडी गज आणि गजांपलीकडे समुद्र. न्हाणीतला नळाचा पाइप शेजारच्या भिंतीत शिरला होता. भोक पाइपापेक्षा मोठं पाडलं गेलं होतं, म्हणून त्यात चिंधी कोंबलेली होती. खोलीतल्या प्लगला वीज येत नव्हती. लॉजवाल्यानं दोघींचे फोन खाली गल्ल्याशेजारी चार्जिंगला लावून घेतले.

सकाळी पाण्यात उतरताना ढापणीच्या उजव्या टाचेत शिंपला घुसला. जखम खोल होती. टिटवीनं वाळूतच तिला बसवलं, टाच मांडीवर घेतली, पिण्याच्या पाण्यानं धुतली आणि पट्टी करकचून बांधली. गाठ बाहेरच्या घोट्यावर. तलावावर रोज कोणाचं ना कोणाचं काही फुटायचं, त्यामुळे हात बसलेला.

"आता दिवसभर लोळ," ती म्हणाली. "मी दुपारी एक डुबकी मारून येते. बाहेरून घालते कुलूप, म्हणजे तुला उठायला नको."

"रेक्टरबाई आल्या तर?"

"त्या वर गेल्या कधीच. आल्याच, तर दोन वाजवीन."

किल्ली हरवू नये म्हणून तिनं ती आपल्या शिटीच्या लाल दोरीत ओवली, शिटी गळ्यात घातली आणि गेली. कुलूप लागल्याचा खटका ढापणीनं ऐकला. मग टिटवीच्या चपला. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तिथे सेफ्टी पिन लावलेली. त्यामुळे ती चालली की फटक, टिक, फटक, टिक असा आवाज व्हायचा. तो आवाज जिन्यावरून खाली गेला, आणि ढापणी झोपली.

३

ती जागी झाली तेव्हा पंखा थांबला होता. वीज गेली होती. घामानं उशी चिंब. खिडकीबाहेर ऊन अजून तसंच पांढरं होतं, म्हणजे फार वेळ झाला नव्हता.

फटक, टिक. फटक, टिक.

चपला ओल्या होत्या, फटक जरा पचकन वाजत होता. ढापणी उठून बसली, चष्मा चढवला. आवाज कठड्याकडेनं आला, तिच्या दारापाशी आला आणि न थांबता पुढे गेला.

मग शेजारच्या दाराशी किल्लीचा खुळखुळाट. कुलपाचा खटका, अगदी मऊ, तेल दिल्यासारखा. दार उघडलं, दार लागलं.

ढापणी हसली. दारं सगळी सारखीच, उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, गेली असेल चुकून पुढे. असल्या लॉजांची कुलुपं असतातच स्वस्तातली, कोणतीही किल्ली कोणालाही लागते. तिनं आपल्याच मनाला एवढा खुलासा दिला, आणि धंद्याच्या सवयीनं लगेच त्यावर आक्षेपही घेतला. त्या कुलपाला किल्लीचं भोकच नव्हतं. सकाळी दोघींनी पाहिलं होतं.

पलीकडे नळ सुटला. बादलीत पाणी पडू लागलं. कोणीतरी पोहून आल्यावर कानातलं पाणी काढायला एका पायावर उड्या मारतं, तशा तीन-चार उड्या झाल्या. ही टिटवीच. यात शंका घ्यायला जागा नव्हती.

"टिटवे!" तिनं भिंतीवर थाप मारली. "अगं इकडे! खोली चुकलीस!"

नळ बंद झाला.

"कोण?"

"कोण काय कोण! मी. ये आणि दार उघड, जीव चाललाय घामानं."

मग टिटवीचा आवाज आला, पण खाली उतरलेला, आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसा.

"जरा हळू बोला हो. माझी मैत्रीण झोपलीय इथे."

४

बोला हो.

पंचवीस वर्षांत टिटवीनं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. रागावली तरी नाही, चेष्टेतही नाही. ढापणीला चेष्टा कळत नसे असं नाही. ती चेष्टेची वाट बघत राहिली आणि चेष्टा आलीच नाही.

"नाटकं पुरे हं," ती म्हणाली. "पायाला ठणका लागलाय माझ्या."

"तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा आहे," पलीकडून टिटवी म्हणाली. आवाजात आता भीती होती. "कोण आहात तुम्ही? लॉजवाला म्हणाला इकडे कोणी राहत नाही."

"टिटवे, ऐक. तुझ्या शिटीची दोरी लाल आहे. तुझ्या डाव्या चपलेला पिन आहे, ती माझ्या ओढणीची आहे. तुझा नवरा बसपाशी म्हणाला, दोघीच परत या. अजून काय सांगू? तिसऱ्या वर्षी तू गणितात काय केलंस ते सांगू?"

भिंतीपलीकडे खाट करकरली. टिटवी बसली असावी.

"मग ही कोण?"

"ही कोण म्हणजे?"

"ही. तुझ्या खाटेवर झोपलीय ती. भिंतीकडे तोंड करून, चादर डोक्यावरून घेऊन. तुझी पिशवीही इथेच आहे. चष्मा खिडकीत आहे तुझा."

ढापणीनं नाकावरच्या चष्म्याला हात लावून पाहिला. आपली खाट पाहिली. चादर चुरगळून पायथ्याशी पडली होती. दोघींच्या पिशव्या कोपऱ्यात एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

ऊन लागलं की माणसाला भास होतात. पण भास कोणाला होत होते, तिला की टिटवीला, हे ठरवायला तिसरं माणूस लागतं, आणि ते या मजल्यावर नव्हतं. ढापणीनं बोटाच्या पेरानं भिंतीवर वाजवलं : दोन टकटक, जरा थांबून एक.

लगेच उत्तर आलं. दोन टकटक, जरा थांबून एक. आवाज भिंतीच्या खालच्या भागातून आला, खाटेच्या उंचीवरून.

"आत्ता पटलं ना?" ढापणी म्हणाली.

"मी नाही वाजवलं," टिटवी म्हणाली.

५

"बाहेर पड," ढापणी म्हणाली. "आत्ता. काही घेऊ नकोस. चपला घालू नकोस. दार उघड आणि बाहेर ये."

"आणि ही तू असलीस तर?"

"टिटवे, मी इकडे आहे!"

"तू म्हणतेस. पण ही घोरतेय तुझ्यासारखी. मधेच थांबते, मग एकदम दचकून श्वास घेते. पाय कापलाय, ताप चढला असेल, आणि मी तुला टाकून पळू? एका आवाजाचं ऐकून?"

टिटवी ही अशीच. तलावात कोणी नाकातोंडात पाणी जाऊन गटांगळ्या खात असेल, तर ती आधी उडी मारायची, मग विचारायची. ढापणीला तिचा तेव्हा जितका राग आला तितका जन्मात कधी आला नसेल, आणि तितकीच ती तिच्यासाठी कासावीस झाली. तिला तिथून काढायचं तर शपथा चालणार नव्हत्या. पुरावा हवा होता. ढापणीला पुरावा मागता येत होता, देता येत होता. आयुष्यभर दुसरं केलंच काय होतं?

"पट्टी बघ," ती म्हणाली. "सकाळी तूच बांधलीस. कुठल्या पायाला?"

"उजव्या. उजवी टाच. गाठ बाहेरून."

"मग चादर वर कर आणि बघ. दुसरं काही करू नकोस. पटलं की पळ."

हे सांगायला नको होतं. दार बंद आहे तोवर आत काय आहे ते बघू नये, एवढं शहाणपण रेक्टरबाईंनाही होतं.

ढापणी लंगडत न्हाणीत गेली, ओल्या फरशीवर पोटावर झोपली आणि पाइपाच्या भोकातली चिंधी ओढून काढली. भोक मुठीएवढं. पलीकडेही तशीच न्हाणी, तिचं दार उघडं, आणि दारातून खोलीचा एक तुकडा दिसत होता. खाटेचा पाय. टिटवीच्या पोटऱ्या, त्यांना चिकटलेली वाळू, घोट्यावरून ओघळणारं पाणी. खाटेवरून लोंबणारी चादर.

टिटवीनं चादर हळूच उचलली.

एक पाय बाहेर आला. ढापणीनं तो ओळखला; तो तिचाच होता. अंगठ्याचं नख वाकडं होतं, पोटरीवर लहानपणी भाजल्याचा डाग होता. टाचेला पट्टी होती, करकचून बांधलेली, गाठ बाहेरच्या घोट्यावर. डाग आणि नख जिथल्या तिथे होते, फक्त सगळं आरशातल्यासारखं उलट्या बाजूला.

"हिच्या डाव्या पायाला आहे," टिटवी हलकेच म्हणाली.

"पळ!" ढापणी ओरडली.

घोरणं थांबलं. तो पाय खाटेवरून खाली आला आणि जमिनीवर टेकला, मग त्याच्याशेजारी दुसरा. टिटवीच्या पोटऱ्या एक पाऊल मागे सरकल्या.

"काय बघतेस गं?"

विमा कंपनीत दाव्यांवरची सगळी बोलणी ध्वनिमुद्रित होतात. ढापणीनं स्वतःचा आवाज शेकडो वेळा बाहेरून ऐकला होता, आणि तो तिला कधीच आवडला नव्हता. हा तोच आवाज होता. झोपेतून उठल्यामुळे थोडा बसलेला.

"पट्टी," टिटवी म्हणाली. "मी उजव्या पायाला..."

"डाव्याच तर बांधलीस, वेडे. शिंपला डाव्याच पायात गेला. उजव्यात गेला असता तर उजव्यावर लंगडले नसते का? ऊन लागलंय तुला. डोकं बघ किती तापलंय."

"अगं पण पलीकडून कोणीतरी..."

"म्हणूनच म्हणते, सामान आवर. ही जागा बरी नाही. भिंतीतून आवाज येतात."

ढापणी ओरडत होती, नावानं हाका मारत होती, वसतिगृहातल्या एकेक गोष्टी आठवून सांगत होती, आणि त्या मुठीएवढ्या भोकातून तिला टिटवीच्या पायाची बोटं आखडताना आणि मग हळूहळू सैल पडताना दिसत होती.

"हो गं," टिटवी म्हणाली. "डाव्याच."

पट्टी बांधलेला पाय वळला आणि भोकाच्या दिशेनं आला. जवळ येताना कोणीतरी खाली वाकत असावं, कारण उजेड कमी झाला. मग पलीकडून चिंधी भोकात कोंबली गेली. ढापणीची चिंधी तिच्या हातातच होती.

६

पुढचा भाग ढापणी सांगते तेव्हा तिचा आवाज खाली जातो.

शेजारचं दार उघडलं, लागलं. फटक, टिक, आणि त्याच्या बरोबरीनं अनवाणी पाऊल, एक टेकणारं, एक फरफटणारं. दोघी तिच्या दारापाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. फळ्यांच्या फटीतून येणारा उजेड दोन ठिकाणी अडला.

ढापणी दाराला चिकटून उभी होती. हात उचललेला होता, दार बडवण्यासाठी. घसा बसला होता, पण अजून एक आरोळी त्यात होती.

दारावर दोन टकटक झाली.

ती तिसरीची वाट बघत राहिली. तिसरी आली नाही.

आणि ढापणीनं श्वास रोखला. ठरवून नाही; ठरवायला वेळच कुठे होता? बंद दाराबाहेर कोणी उभं आहे आणि दोनच वाजलेत, म्हणजे हलायचं नाही, हे तिच्या हाडांत विशीतच मुरलं होतं. हात तसाच वर राहिला. घाम भुवईवरून चष्म्यावर पडला, तो तिनं पुसला नाही.

"कुलूप आहे," बाहेरून तिचाच आवाज म्हणाला. "आत कोणी नाही."

फटक, टिक. पावलं जिन्याकडे गेली, जिन्यावरून उतरली, आणि समुद्राच्या आवाजात मिसळली.

त्यानंतर मात्र ढापणीनं ते लॉज डोक्यावर घेतलं. खिडकीच्या गजांतून बाहेर काही जाणार नव्हतं, म्हणून तिनं लोखंडी बादली गजांवर आपटायला सुरुवात केली, पत्रा चेमटेपर्यंत. बऱ्याच वेळानं लॉजवाला धावत वर आला. दारातून आवाज ऐकून तो आधी जिन्यापर्यंत मागे पळाला, मग पुन्हा आला. दुसरी किल्ली त्याच्याकडे नव्हती. त्यानं कोयंडाच उचकटला.

दारात तो तिच्याकडे बघत राहिला, वरपासून खालपर्यंत, आणि नजर पायावर थांबली.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही दोघी तर मघाशी गेलात. पिशव्या लावून. फोनही नेलेत तुम्ही. मी म्हटलंही, अहो पाय दुखतोय तर रिक्षा बोलावू का, तर तुम्ही म्हणालात, नको, बस येईलच."

दोघींच्या पिशव्या खोलीच्या कोपऱ्यात होत्या. ढापणीनं बोटानं दाखवल्या. लॉजवाला तिथल्या तिथे उंबऱ्यावर बसला.

शेजारच्या दाराचं कुलूप सकाळी होतं तसंच होतं, गंजून एकजीव. लॉजवाल्यानं हातोडी मारून पाहिली, तेल सोडून पाहिलं. शेवटी करवत आणावी लागली. करवतीचं एक पातं मोडलं, तेव्हा दुसऱ्यानं कडी कापली गेली.

आत खाट नव्हती. न्हाणी होती, पण तिचा नळ कधीच काढून नेलेला. पाइपाचं तोंड लाकडाच्या खुंटीनं बंद केलेलं. खिडकीला आतून फळ्या ठोकलेल्या. फरशीवर पिठासारखी मऊ, सारखी धूळ, आणि तिच्यावर माणसाचं तर सोडाच, पालीचंसुद्धा पाऊल नाही.

धुळीच्या बरोबर मध्यावर शिटी पडली होती. तिच्या लाल दोरीत किल्ली.

७

ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं आधी कुलूप बाहेरून का, कोणी घातलं, यावरूनच तिला छेडून घेतलं. बाकी त्याचं उत्तर तयार होतं. दर मोसमात कोणी ना कोणी बुडतं, तशीच हीही बुडाली. ढापणीनं सांगितलं, ती पोहायला शिकवते. अधिकारी म्हणाला, पट्टीचे पोहणारेच बुडतात. ढापणी म्हणाली, लॉजवाल्यानं तिला नंतर पिशवी लावून जाताना पाहिलंय. लॉजवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, ऊन फार होतं साहेब, नीट दिसलं नाही. दोन तासांपूर्वी रिक्षा बोलावू का म्हणून विचारणाऱ्या माणसाला आता चेहराही दिसला नव्हता. त्याला अडगळीच्या खोलीचं काय, असं विचारायला ढापणीनं तोंड उघडलं, तर अधिकारी म्हणाला, मॅडम, विषयाला धरून बोला.

"तिचा फोन लावा," ढापणी म्हणाली. "बुडालेल्या माणसाचा फोन लागत नाही."

तिला गप्प करायचं म्हणून त्यानं लावला, आणि तिनं हट्ट धरला म्हणून स्पीकरवर टाकला.

दोन रिंग झाल्या आणि टिटवीचा आवाज आला. मागे बसचं इंजिन.

"हॅलो? कोण?"

अधिकाऱ्यानं आपण कोण ते सांगितलं. तुम्ही कुठे आहात, सुखरूप आहात ना, विचारलं.

"हो, हो. पुढच्या गावाला निघालोय. का हो?"

"सोबत कोण आहे?"

"मैत्रीण आहे. ही काय, शेजारीच. खिडकीची जागा पटकावून बसलीय. देऊ का?"

आणि फोन दिला गेला. ढापणीनं स्वतःचा आवाज ऐकला. त्या आवाजानं तिचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, विमा कंपनीतला हुद्दा सांगितला, मुलीची शाळा सांगितली. काही अडचण आहे का साहेब, असं अदबीनं विचारलं. अधिकारी फोनवर बोलत होता, बघत ढापणीकडे होता. थोड्या वेळापूर्वी त्यानं जिला समुद्रात बुडवून टाकलं होतं तिची आता त्याला काळजी उरली नव्हती, आणि जी समोर बसली होती तिच्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. ओळखपत्र आहे का, त्यानं विचारलं. होतं. तिनं टेबलावर आपटलं. त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, हे कोणाचंही असू शकतं.

"तिला विचारा," ढापणी म्हणाली, "पट्टी कुठल्या पायाला बांधली."

"अहो मॅडम..."

"विचारा! एवढं विचारा, मी उठून जाते."

त्यानं विचारलं. पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला.

"डाव्या," टिटवी म्हणाली. "मीच बांधलीय ना साहेब सकाळी. डाव्याच."

ढापणीनं चप्पल काढली आणि उजवा पाय त्याच्या टेबलावर ठेवला. पट्टी सकाळची होती, रक्त सुकून काळं पडलं होतं, गाठ बाहेरच्या घोट्यावर.

फोन अजून चालू होता. इंजिनाच्या घरघरीत, फोनच्या अगदी जवळ, नखानं वाजवावं तशी दोन टकटक झाली.

ढापणी हलली नाही. तिनं पाय काढला नाही, श्वास घेतला नाही. अधिकारी फोनकडे बघत म्हणाला, "कसला आवाज आहे?"

तिसरी टकटक आली नाही. फोन बंद झाला.

तक्रार नोंदवून घेतली गेली नाही. जी हरवली म्हणता ती सांगते मी सुखरूप आहे, आणि जी तक्रार करते ती तर तिच्याच शेजारी बसलीय, मग हरवलं कोण, असा अधिकाऱ्याचा प्रश्न होता, आणि तो विचारताना तो शेजारच्या हवालदाराकडे बघून हसला. टिटवीच्या नवऱ्याला त्याच संध्याकाळी तिचा निरोप आला, की दोघी मजेत आहोत, फिरणं थोडं लांबेल. तो ढापणीचा फोन आता उचलत नाही. कोणीतरी ढापणीच्या आवाजात घरी फोन करतं, हे त्याला आधीच सांगितलं गेलंय, फक्त ते कोणी सांगितलं आणि कोणाबद्दल सांगितलं, हे ढापणीला कळलेलं नाही.

ठाण्याच्या कपाटात एका पाकिटात टिटवीची शिटी आहे, लाल दोरीत ओवलेल्या किल्लीसकट. ज्या खोलीचं कुलूप कापायला करवतीची दोन पाती लागली, ज्या खोलीची खिडकी आतून फळ्या ठोकून बंद होती आणि ज्या खोलीच्या धुळीवर एक पाऊल नव्हतं, तिथे ती मिळाली. मिळाली तेव्हा दोरी ओली होती, आणि शिटीत समुद्राचं पाणी होतं. ती तिथे कशी गेली, हे ना लॉजवाल्यानं सांगितलंय, ना ठाण्यानं.